मेट्रोपोलिस लिहिणारी बाई

बेळगावजवळ बेळगुंदी नावाचं गाव आहे. तिथले आयी गणपत तेंडुलकर १९२०च्या दशकात शिकायला युरोपात गेले, पुढे बर्लिनमध्ये पत्रकारिता करू लागले, आणि तिथे त्यांनी जिच्याशी लग्न केलं ती थेआ फॉन हार्बू. जगभरच्या विज्ञानपटांचं मूळ ज्या एका मूकपटात शोधलं जातं, त्या ‘मेट्रोपोलिस’ची ही लेखिका. विज्ञानकथांचं वेड असलेली मराठी माणसं जमली की व्हर्न येतो, वेल्स येतो, असिमोव्ह आणि क्लार्क तर घरचेच असतात, आणि नारळीकरांचा विषय निघाल्यावाचून बैठक मोडत नाही. थेआचं नाव मात्र अशा गप्पांत मी कधी ऐकलं नाही. ते निघावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला ती बेळगावकडची सून होती एवढंच कारण नाही.

‘मेट्रोपोलिस’ मी पहिल्यांदा पाहिला तो एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, बरीच कापाकापी झालेल्या जुन्या प्रतीत. पाळी बदलताना माना खाली घालून एका ठेक्यात चालणारे कामगार, अजस्र तबकडीवरचे दांडे दोन्ही हातांनी ओढून ओढून थकलेला मालकाचा मुलगा, खुर्चीत बसलेल्या धातूच्या बाईभोवती वरखाली होणारी प्रकाशाची कडी. अंगावर काटा आला होता. गोष्ट मात्र तुटक वाटली. खेळानंतरच्या चर्चेत एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं की यातली दृश्यं दिग्दर्शक फ्रिट्झ लांगची आणि भाबडेपणा त्याच्या तेव्हाच्या बायकोचा, म्हणजे थेआचा. हेच मत नंतर मी कितीतरी ठिकाणी वाचलं. चित्रपटाच्या इतिहासात ते जवळजवळ रूढ होऊन बसलं आहे. थेआवर तो अन्याय आहे असं मला वाटतं. ती निर्दोष होती असं मात्र मी म्हणणार नाही.

तिचा जन्म २७ डिसेंबर १८८८चा, बव्हेरियातल्या टाउपरलिट्झ गावातला. आधी रंगभूमीवर अभिनेत्री, मग कादंबरीकार. १९१८मध्ये तिने ‘दास इंडिशे ग्राबमाल’, म्हणजे भारतीय समाधी, ही कादंबरी लिहिली. महाराजा, वाघ, योगी, प्रेमासाठी बांधायची कबर, असा युरोपच्या स्वप्नातला भारत तीत होता. तिच्यावरून चित्रपट करायचं ठरलं तेव्हा पटकथेसाठी तिची गाठ लांगशी पडली. दोघांनी मिळून पटकथा लिहिली. आपणच दिग्दर्शन करणार अशी लांगची समजूत होती, पण निर्माता योए माय याने ते काम स्वतःकडे घेतलं. हे शल्य लांगच्या मनात पुढे अनेक वर्षं राहिलं. १९२२मध्ये दोघांनी लग्न केलं. तिथून १९३३पर्यंत लांगने जर्मनीत केलेल्या प्रत्येक चित्रपटाच्या लेखनात थेआ आहे: जुगारी गुन्हेगार डॉक्टर माबुझं, दोन भागांतली निबेलुंगांची गाथा, ‘मेट्रोपोलिस’, चंद्रावर जाणाऱ्या बाईची गोष्ट, लहान मुलांच्या खुन्यावरचा ‘एम’. ‘एम’ची थोरवी आज सगळे मानतात, पण तिचं श्रेय थेआला देताना सहसा कुणी दिसत नाही.

थेआची कामाची पद्धत मला फार आवडते. पटकथा आणि कादंबरी ती जोडीनेच लिहायची. ‘मेट्रोपोलिस’ पडद्यावर येण्याआधी १९२६मध्ये एका जर्मन सचित्र साप्ताहिकात कादंबरी म्हणून क्रमशः छापून आला. म्हणजे वाचकांच्या हाती ते शहर पहिल्यांदा आलं ते शब्दांतून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला ह्यूगो गर्न्सबॅकने ‘अमेझिंग स्टोरीज’चा पहिला अंक काढला. केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं हे पहिलं इंग्रजी मासिक. पुढे अमेरिकेत विज्ञानकथा वाढली ती अशा भडक मुखपृष्ठांच्या, स्वस्त कागदावरच्या मासिकांत. तिथे संपादक लेखकांना घडवत होते आणि वाचक पत्रं लिहून संपादकांशी भांडत होते. जर्मनीत तिच्या वाट्याला उफा कंपनीचा प्रचंड स्टुडिओ आला. मासिकांचा इतिहास लिहिणारे पडद्याकडे फारसे वळत नाहीत, पडद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना दिग्दर्शकापलीकडे कुणी दिसत नाही, आणि थेआ या दोहोंच्या मधोमध उभी असल्यामुळे तिची नीट नोंद कुठेच झाली नाही.

आता गोष्टीविषयी. वर मनोऱ्यांचं झगमगतं शहर, खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती. शहराच्या मालकाचं नाव यो फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर खालच्या मारिया नावाच्या मुलीच्या मागे खाली उतरतो आणि आपलं सुख कुणाच्या घामावर उभं आहे ते पाहतो. (फ्रेडरचं काम करणारा गुस्टाफ फ्र्योलिश थेआनेच दुय्यम कलाकारांतून हेरला होता.) तिसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे संशोधक रोटवांग. एके काळी त्याचं हेल नावाच्या बाईवर प्रेम होतं. तिने लग्न केलं फ्रेडरसनशी आणि फ्रेडरला जन्म देताना ती गेली. रोटवांगने घरात तिचं भलंमोठं दगडी शिर उभारलंय, आणि तिला परत आणण्यासाठीच तो ती धातूची बाई घडवतोय. तिच्यापायी त्याने आपला एक हात गमावलाय. फ्रेडरसन येऊन हुकूम सोडतो की या यंत्राला मारियाचा चेहरा दे, मला कामगारांना भुलवायचंय.

कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातले यंत्रमानव राबण्यासाठी जन्माला आले होते. थेआची यंत्रबाई शोकातून जन्मली. गेलेलं माणूस यंत्रात परत आणू पाहणारा पुरुष, आणि त्याच यंत्राचा सत्तेसाठी वापर करणारा दुसरा पुरुष, आणि दोघांच्या मध्ये कधीच न दिसणारी एक मेलेली बाई. मृतांच्या आवाजाची आणि चेहऱ्याची नक्कल संगणकाकडून करून घेणाऱ्या आजच्या काळात हे वाचताना मी थबकतो.

हेच नेमकं कापलं गेलं. १० जानेवारी १९२७ला बर्लिनच्या उफा-पालास्ट चित्रपटगृहात पहिला खेळ झाला तेव्हा चित्रपट ४,१८९ मीटर लांबीचा होता. चित्रीकरण मे १९२५ ते ऑक्टोबर १९२६ असं चाललं होतं आणि खर्च सुमारे ५० लाख राइशमार्कवर गेला होता. कर्जात बुडालेल्या उफाने पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन या अमेरिकी कंपन्यांशी करार केलेला होता. अमेरिकेसाठी चित्रपट नव्याने जुळवायचं काम चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडे गेलं. हेल हे नाव इंग्रजी नरकाच्या शब्दासारखं दिसतं, प्रेक्षक हसतील, असं सांगून त्याने हेल पुरतीच काढून टाकली. तिचं शिर गेलं, तिची आठवण गेली, आणि रोटवांग यंत्र का बनवतो याचं कारणही गेलं. मग उफानेही जर्मनीत लहान प्रतच चालवली. जगाने पाऊण शतकाहून अधिक काळ पाहिला तो हा ‘मेट्रोपोलिस’, आणि मग सगळे म्हणू लागले की लेखिकेला गोष्ट सांगता येत नाही. एच. जी. वेल्सने १९२७च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये तो मूर्खपणाचा कळस ठरवला. त्याच्या जुन्या कादंबरीचे आणि चापेकच्या नाटकाचे तुकडे त्याला त्यात दिसले, ते खरंही होतं. पण त्याच्यापुढे आलेली गोष्टच मोडलेली होती, याचा विचार त्या निकालात नाही.

२००८ साली अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आइरेसच्या चित्रपट संग्रहालयात एक १६ मिलिमीटरची प्रत सापडली. १९२०च्या दशकात एका वितरकाने मूळ लांबीची प्रत तिकडे नेली होती. ती एका समीक्षकाच्या संग्रहात राहिली, पुढे तिच्यावरून ही लहान मापाची नक्कल काढली गेली, ओरखड्यांसकट. संग्रहालयाच्या पाउला फेलिक्स-दिदिए आणि अभ्यासक फर्नांदो पेन्या यांनी ती ओळखली. सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग हाती आला. १२ फेब्रुवारी २०१०ला बर्लिनमध्ये जुळवलेला चित्रपट दाखवला गेला. ही प्रत मी घरी रात्री एकट्याने पाहिली. सापडलेले तुकडे लगेच ओळखू येतात, कारण त्यांच्यावर पावसासारख्या रेघा आहेत. पडदा बाजूला सारून फ्रेडरसन हेलच्या दगडी चेहऱ्यासमोर उभा राहतो, आणि मागून रोटवांग चवताळून येतो. त्या प्रसंगानंतर सगळी पात्रं माणसं होतात. मालक, कामगार, वेडा शास्त्रज्ञ अशा पाट्या गळून पडतात. माझ्या मते ‘मेट्रोपोलिस’चं बळ जितकं त्या मनोऱ्यांत आहे तितकंच या प्रसंगात आहे, आणि तो थेआचा आहे.

शेवट मात्र मलाही पटत नाही. मेंदू आणि हात यांच्यामधला दुवा हृदय असायला हवं, हे तिचं बोधवाक्य. शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर मालक आणि मुकादम हात मिळवतात. पाळी किती तासांची, खालची वस्ती वर येणार की नाही, यातलं काही बदलत नाही. लांग पुढे मुलाखतीत म्हणाला की हा विचार मुख्यतः थेआचा होता, ती एक परीकथा आहे, पण निम्मी जबाबदारी आपलीही. त्याचा हा निम्मा वाटा लोक सोयीने विसरतात.

‘फ्राउ इम मोंड’, चंद्रावरची बाई, हा त्यांचा पुढचा मोठा विज्ञानपट १५ ऑक्टोबर १९२९ला आला. कादंबरी आदल्या वर्षीची. यात गोष्ट आणि विज्ञान एकमेकांच्या इतके जवळ आले की नंतर त्यांना वेगळं करणं कठीण झालं. १९२३मध्ये अग्निबाणाने ग्रहांकडे जाण्याविषयी पुस्तक लिहिणारा हेर्मान ओबर्थ या चित्रपटाचा सल्लागार होता, आणि अंतराळाविषयी सोपं लिहिणारा विली लाय त्याच्या बरोबरीने मदत करत होता. म्हणून यातला अग्निबाण एकावर एक टप्प्यांचा आहे. तो उंच शेडमधून उभाच रुळांवरून बाहेर येतो. उड्डाणाच्या वेळी प्रवासी आडवे झोपलेले असतात. वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला पट्टे आहेत. आणि उड्डाणाआधी पडद्यावर आकडे उलटे येत जातात, सहा, पाच, चार. उलटी मोजणी लांगने प्रेक्षकांची उत्कंठा वाढावी म्हणून आणली. वर मोजत गेलं तर उड्डाण कधी होणार हे प्रेक्षकाला कळणार कसं, असा त्याचा साधा विचार होता. श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपणाला आपण श्वास रोखून जे आकडे ऐकतो, त्यांचा हा उगम.

चंद्रावर मोकळा श्वास घेता येतो, तिथे सोनं सापडतं, ही त्या चित्रपटाची कच्ची बाजू. पण थेआने अग्निबाणात एका बाईला बसवलं, तीही खगोलशास्त्राची विद्यार्थिनी, हाती कॅमेरा घेऊन चंद्रभूमीचं चित्रीकरण करणारी. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा अंतराळात गेली १९६३मध्ये. अग्निबाणात लपून आलेला एक पोरगाही आहे, गुस्टाफ. त्याच्याकडे चंद्रावरच्या साहसांच्या स्वस्त चोपड्यांचा गठ्ठा आहे आणि तो मोठ्या माणसांना त्या अभिमानाने दाखवतो. रहस्यकथांची फाटकी पुस्तकं दप्तरात लपवून वाढलेल्या प्रत्येकाने हा पोरगा पाहायला हवा. विली लाय १९३५मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेला आणि तिथल्या अशाच मासिकांत अग्निबाणांविषयी लिहू लागला. ‘गॅलक्सी’तलं त्याचं सदर अनेक वर्षं चाललं. माणूस चंद्रावर उतरण्याच्या महिनाभर आधी, २४ जून १९६९ला, तो गेला.

जाहिरातीसाठी पहिल्या खेळाच्या दिवशी खराखुरा अग्निबाण उडवायचा असं ठरलं होतं. उफाच्या पैशांवर ओबर्थने खटपट केली, स्फोटात डोळ्याला इजा करून घेतली, आणि अग्निबाण काही उडाला नाही. पण त्या खटपटीतलं सामान आणि उमेद बर्लिनच्या हौशी अग्निबाणवाल्यांच्या मंडळाकडे गेली. त्यांच्यात वेर्नर फॉन ब्राउन नावाचा तरुण होता. पुढे सैन्याने अग्निबाण ताब्यात घेतले. नाझी राजवटीत हा चित्रपट मागे घेतला गेला आणि त्यातली अग्निबाणांची मॉडेलं गेस्टापोने जप्त केली, कारण ती आता लष्करी गुपितासारखी दिसू लागली होती. ३ ऑक्टोबर १९४२ला पेनेम्युंडेहून यशस्वीपणे उडालेल्या पहिल्या व्ही-२ अग्निबाणावर चंद्रकोरीवर बसलेल्या बाईचं चित्र रंगवलं होतं. हे अग्निबाण पुढे लंडन आणि अँटवर्पवर पडले. मिटेलबाउ-डोरा छावणीतल्या बोगद्यांत ते कैद्यांकडून बनवून घेतले जात. त्या छावण्यांत सुमारे ६०,००० माणसं आणली गेली, त्यांतली सुमारे २०,००० मेली. जमिनीखाली राबून मरणारी माणसं थेआने १९२६मध्येच लिहिली होती. ती प्रत्यक्षात आली तेव्हा थेआ त्याच राजवटीच्या पक्षाची सदस्य होती.

हे मला टाळता येत नाही. लांग आणि थेआ १९३१मध्येच वेगळे झाले होते. १९३३च्या वसंतात माबुझंवरच्या त्यांच्या नव्या चित्रपटावर बंदी आली, २० एप्रिलला घटस्फोट झाला, आणि लांग पॅरिसला निघून गेला. थेआ राहिली. दोन चित्रपट तिने स्वतः दिग्दर्शित केले आणि पटकथा लिहीत राहिली. १९३७च्या ‘डेअर हेर्शर’ या चित्रपटाच्या दोन लेखकांपैकी ती एक होती. त्यात पोलादाच्या कारखान्याचा मालक वारसांना बाजूला सारून सगळं राष्ट्राला देऊन टाकतो, आणि त्याच्या एकछत्री हुकमतीचं कौतुक केलं जातं. मेट्रोपोलिसच्या पायऱ्यांवर मालकाला हृदय देणारी लेखणी दहा वर्षांत इथे येऊन पोचली. हा चित्रपट आठवला की तिची बाजू घेताना माझा आवाज खाली येतो.

आणि याच काळात तिच्या घरी तेंडुलकर होते. ते तिच्याहून साधारण सतरा वर्षांनी लहान. गांधीजींच्या विद्यापीठात शिकलेले, पॅरिस आणि ग्यॉटिंगन पाहिलेले, जर्मन वर्तमानपत्रांत भारताविषयी लिहिणारे. वंशशुद्धीच्या त्या राज्यात जर्मन लेखिकेने भारतीय माणसाशी उघडपणे संसार करणं अशक्य होतं, म्हणून लग्न गुपचूप झालं. बर्लिनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना तिच्या घराचा मोठा आधार होता. पक्षात गेले ते भारतीयांना मदत करता यावी म्हणून, असं तिने युद्धानंतर सांगितलं. मदत खरी होती. पण तेवढ्यासाठी ‘डेअर हेर्शर’ लिहावा लागत नाही.

युद्धाच्या तोंडावर तेंडुलकर मायदेशी परतले. बेळगावात त्यांनी वर्तमानपत्र काढलं, ब्रिटिशांनी त्यांना तुरुंगात टाकलं. बेळगावच्याच गांधीवादी कार्यकर्त्या इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचं लग्न १९४५च्या ऑगस्टमध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या उपस्थितीत झालं. त्याआधी काही वर्षं थांबायची अट गांधीजींनी घातली होती आणि दोघांनी ती पाळली. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी या तिघांची कहाणी इंग्रजीत लिहिली आहे. आईवडिलांविषयी लिहिताना थेआविषयीही त्यांनी जो समंजसपणा दाखवला आहे, तो चित्रपट-इतिहासकारांनी क्वचितच दाखवला.

तिकडे १९४५मध्ये ब्रिटिशांनी थेआला काही महिने छावणीत ठेवलं. तिथेही तिने ‘फाउस्ट’ हे नाटक बसवलं. सुटल्यावर बर्लिनच्या इतर बायकांबरोबर तिने पडक्या इमारतींचे ढिगारे उपसले. १९५४च्या बर्लिन महोत्सवात लांगबरोबर लिहिलेला तिचा १९२१चा जुना मूकपट दाखवला गेला, तेव्हा तिला सन्मानाने बोलावलं होतं. खेळानंतर बाहेर पडताना ती पडली, आणि १ जुलैला त्या दुखापतीने गेली. पासष्ट वर्षांची होती.

चार वर्षांनी लांग भारतात आला. त्याने चित्रीकरण केलं उदयपूरला, आणि ते कशाचं, तर थेआच्या त्या १९१८च्या कादंबरीचं, जिचं दिग्दर्शन एकदा त्याच्या हातून गेलं होतं. १९५९मध्ये ते दोन भागांत प्रदर्शित झालं. त्यातला भारत आपल्या ओळखीचा नाही, गोरी नटी देवदासीचा नाच करते, आणि आपल्याला अवघडायला होतं. पण अमेरिकेत वीस-बावीस चित्रपट केलेला माणूस जर्मनीला परतल्यावर आधी तिच्याच गोष्टीकडे वळला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

‘मेट्रोपोलिस’ पाहायचा तर २०१०चीच प्रत पाहा. तीतही दोन प्रसंग अजून नाहीत: चर्चमध्ये साधू प्रलयाची भविष्यवाणी सांगतो तो, आणि रोटवांग-फ्रेडरसनची झटापट होते तो. तिथे पडद्यावर मजकूर येतो आणि चित्रपट पुढे सरकतो. थेआची कादंबरी इंग्रजीत मिळते, पण तिची वाक्यं लांबलचक, धापा टाकणारी, अलंकारांनी लगडलेली आहेत, आणि इंग्रजीत ती अवजड होतात. मराठीला असं गद्य पेलतं, आपल्या जुन्या कादंबऱ्यांनी ते पेललेलं आहे. जर्मनवरून थेट मराठीत आणणारे अनुवादक आपल्याकडे आहेत. त्यांतल्या कुणी हे काम हाती घेतलं तर छापायच्या आधीच मला कच्ची पानं वाचायला आवडतील, रोटवांगच्या घराच्या प्रकरणापासून.